ग्रीसच्या बेटावर खाल्लेली बोलणी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर होतो. साक्रीजवळच्या आमच्या खेड्यातून समुद्रापर्यंत पोचलेला मी पहिलाच. जहाज ग्रीसच्या एका बंदरात दुरुस्तीला अडकलं, तेव्हा सुट्टी घेऊन मी एकटाच बोटीने एका बेटावर गेलो.

बेट कसलं, समुद्रातून सरळ वर आलेला डोंगर! बर्फासारख्या गार ओढ्यांतून, काटेरी झुडपांतून, शेळ्यांच्या वाटेने चढत गेलो. एका उतारावर जुन्या देवळाचे खांब लागले. पाच उभे, बाकीचे आडवे. दमलो होतो. एका आडव्या खांबावर बसून पाव काढला.

तेवढ्यात तिथली म्हातारी राखणदारीण काठी आपटत धावत आली. "ऊठ! आधी ऊठ त्यावरून!"

माझं डोकंच फिरलं. मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "बाई, दगडच आहे ना? आमच्या गावी देवळाच्या असल्या दगडांना आम्ही म्हशी बांधतो."

"कोरीव दगडांना?"

"हो, कोरीव."

तिने काठी उभ्या खांबांकडे रोखली. मग म्हणाली, "इथली सगळ्यात सुंदर मूर्ती परक्यांनी पेटीत भरून नेली. तेव्हा आम्हाला विचारलं कोणी? तुमच्याकडे तर परक्यांचीही गरज नाही." आणि पाठ फिरवून निघून गेली.

परतीच्या बोटीवर मी तिला द्यायची उत्तरं जुळवत होतो. एकही धड जुळेना, त्याचाच जास्त संताप आला.

पुढच्या सुट्टीत घरी आलो, तर गावामागच्या पडक्या महादेवाचे निम्मे दगड गायब. नाल्यावर नवी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, झाली होती. तिच्या पायथ्याला, सिमेंटच्या लगद्यातून, एका अप्सरेचा अर्धा चेहरा बाहेर डोकावत होता.

सरपंच नात्यातलेच. तडक त्यांच्या ओट्यावर गेलो. "आबा, देवळाचे दगड पुलाला लावले?"

"त्या दगडच शेतस ना भाऊ. बठ्ठा फुकट पडेल व्हतात."

म्हणजे नुसते दगडच, सगळे फुकट पडलेले! मी ओरडलो. ओट्यावरची माणसं हसली. म्हणे, साहेब बाहेरदेशाचं पाणी पिऊन आलेत! धुळ्याला जाऊन कचेरीत अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, "तिथे पूजा चालू होती का?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. सगळ्यांवर चिडलो, पण सगळ्यात जास्त स्वतःवर. लहानपणी त्याच देवळाच्या खांबाला आमच्या म्हशीचं दावं मीच बांधत होतो. गावाला कुठल्या तोंडाने बोलू?

शेवटी चुलतभावाची बैलगाडी मागितली आणि उरलेले दगड आमच्या खळ्यात आणून ओळीने लावले. फरशी मात्र तशीच आहे. पलीकडच्या शेतात जाताना मी तिच्यावर पाय ठेवत नाही, नाल्यात उतरून जातो. बायको म्हणते, पावसाळ्यात तरी हा हट्ट सोडा. मी सोडत नाही.