निवेदनातली आई

बायकोला हे माहीत नाही. मुलीला नाही. ज्यांच्यासोबत इतकी वर्षं काम केलं, त्यांना तर नाहीच. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय – तुम्हाला.

मी माहितीपटांसाठी लिहितो. पडद्यावर चित्रं चालू असतात आणि मागून एक आवाज बोलत असतो ना – ते शब्द माझे. विहिरी खोदणाऱ्यांवर लिहिलं, ऊसतोड बायकांवर लिहिलं, नागापूरच्या कारखान्यात बोटं गमावलेल्या कामगारांवर लिहिलं. नव्या मुलांना शिकवायला बोलावतात तेव्हा सांगतो, निवेदनात एकही खोटा शब्द चालत नाही. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि मी – मी विषय बदलतो.

मी जामखेडचा. नऊ वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. वडिलांशी तिचं पटत नव्हतं. का, ते आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं. पुढे तिने घोडेगावच्या एका माणसाशी लग्न केलं. मला आत्याने वाढवलं. शाळेत पोरं विचारायची, "तुजी आई पळाली व्हय रं?" याला काय उत्तर द्यायचं असतं? पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा सगळ्यात मोठं सुख हेच, की तिथे हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं.

पहिला माहितीपट घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर केला. विषय मीच सुचवला. सगळ्यांना सांगितलं, बैल कमी होत चाललेत, हे टिपून ठेवलं पाहिजे. खरं कारण वेगळं होतं – मला तिला बघायचं होतं. एकदाच. लांबून.

लांबून जमलं नाही. बाजाराच्या कडेला तिचं चहाचं पाल होतं. पंधरा वर्षांनी समोर उभा राहिलो, तरी तिने मला क्षणात ओळखलं. हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं. आम्हा सगळ्यांना तिने चहा दिला. मला देताना कप दोन्ही हातांनी धरला होता. ती थांबली होती – मी हाक मारावी म्हणून. मला ते कळत होतं. कॅमेरामनने विचारलं, "ओळखीच्या आहेत का?"

मी म्हणालो, "नाही."

तिला ऐकू गेलं. ती पुढचा कप विसळायला वळली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी – पण राहिलं नाही. पुण्याला येऊन निवेदन लिहायला बसलो. चित्रणात तिचे हात होते, चहा गाळणारे. दिग्दर्शिका म्हणाली, इथे तुझं स्वतःचं काहीतरी हवं. मी लिहिलं – मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. अशा हातचा चहा पुन्हा मिळाला नाही. गेली. आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि लिहिताना मला दोन्ही माहीत होते. वाचून दिग्दर्शिकेचे डोळे भरले. "कशाने रे?" तिने विचारलं.

"तापाने," मी म्हणालो.

त्या ओळीने माझं नाव झालं. मुलाखतींमध्ये लोक आईबद्दल विचारत, आणि दर वेळी मी त्या तापात थोडी भर घालत गेलो. कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी. दवाखान्याकडे निघालेली बैलगाडी. इतकं बारीक, की कधी कधी मला ते खरंच आठवायचं.

मग एके दिवशी तिचा फोन आला. तिच्या मुलीने, मंदाने, मोबाईलवर तिला तो माहितीपट दाखवला होता. माझी एक मुलाखतही.

"माजे हात लई मोटे दिसत्यात त्यात," ती म्हणाली. मागे म्हैस ओरडत होती. "तापानं गेली म्हनलास."

"ते – निवेदन असतं," मी म्हणालो.

"व्हय. चांगलं लिव्हलंस. जेवत जा येळच्या येळी."

फोन तिनेच ठेवला. ती रागावली असती, रडली असती, तर मी गेलो असतो का? माहीत नाही. कामासाठी नगरला यायचोच, तिथून घोडेगाव असं कितीसं लांब? त्या रस्त्याने कितीदा गेलो. गाव आलं की मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचो. आणि कुठल्याही गावात म्हाताऱ्या बाईची मुलाखत असली, की लागेल त्यापेक्षा तासभर जास्त बसायचो. ती आत काही करायला उठली, तरी तिच्या भांड्यांचा आवाज ऐकत राहायचो.

मागच्या वर्षी मंदाचा फोन आला. आई वारली, म्हणाली.

"घरात सांगायची ती, सिनेमाचं लिव्हतो त्यो माजा ल्योक हाय. भाएर बोलू नका म्हनायची, त्याला कमीपना यायचा." मग म्हणाली, "दादा, दहाव्याला वाचायला चार ओळी लिव्हून देता का?"

दुपारभर कागद पुढे घेऊन बसलो. जामखेडनंतरचं तिचं मला काहीच माहीत नव्हतं. पाल किती वर्षं लावलं, गुडघे दुखायचे का, हसताना अजून पदर तोंडाला लावायची का. अनोळखी माणसांना मी हेच प्रश्न दिवस दिवस विचारतो.

मंदाला कळवलं – कामात आहे, जमणार नाही. दहाव्याला गेलो नाही. तिने स्वतःच काहीतरी लिहून वाचलं, म्हणे. काय वाचलं, ते मी विचारलेलं नाही.