काल काय वापरलंत?

आमच्या भावजींना सगळी गल्ली ‘कात्री’ म्हणते. ते शिंपी नाहीत, लॅपटॉप दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे त्यांची खोली आणि वरच्या मजल्यावर आमचा संसार. पावत्या लिहायला आणि भावजींनी दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायला मी काउंटरवर बसते. दुसरं काम जास्त असतं.

नाव पडलं ते त्यांच्या हट्टापायी. कोणी छोटा, धापा टाकणारा लॅपटॉप आणला की त्यातली भरगच्च सिस्टिम काढायची आणि स्वतः छाटलेली हलकी सिस्टिम टाकायची, हा त्यांचा खाक्या. छाटण्याआधी प्रश्न एकच: “काल काय वापरलंत?” गिऱ्हाईक सांगेल तेवढं ठेवायचं, बाकी सगळ्याला कात्री. खेळ जायचे, प्रिंटरची भानगड जायची, जगभरच्या भाषांची अक्षरं जायची. “कोणाला लागतं हो वहिनी?” असं मला विचारायचे, आणि मी उत्तर देण्याआधीच पुसून मोकळे व्हायचे. लॅपटॉप मात्र हरणासारखा पळायचा. ते खरं आहे, उगाच नावं कशाला ठेवू?

खोलीतही तोच कारभार. एक खाट, दोन सदरे, एक कप. पाहुणा आला की आधी तो चहा पिणार, मग कप विसळून भावजी पिणार. लग्न केलं नाही. तेही ‘काल’ लागलं नसेल.

याचं मूळ माझ्या सासऱ्यांत आहे. ते गोदामावर राखणदार होते, आणि गावातल्या गावात बदल्यांपायी घरं बदलली अकरा. सामान बांधताना सासरे विचारायचे, “हे काल लागलं का?” नाही म्हटलं की वस्तू तिथेच राहायची. सातव्या घरात भावजींची तिकिटं जमवायची पेटी अशीच राहिली. हा किस्सा ते हसत हसत सांगतात. पण दर वर्षी सांगतात, आणि दर वर्षी पेटीतली तिकिटं वाढतात. मला तेव्हा त्यांची फार माया येते.

तर अशा माणसाकडे सिस्टर आल्या. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आता सत्तरी ओलांडलीय, पण गल्लीत अजून सिस्टरच. भावजींना लहानपणी सुई टोचायला तिघांनी धरावं लागायचं, हे त्यांनी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि वहीएवढा लॅपटॉप पुढे केला.

“चालू व्हायला इतका वेळ घेतो, की तोवर माझा चहा पिऊन होतो.”

“जागाच नाही त्यात, सिस्टर. काल काय वापरलंत?”

सिस्टर जरा घुटमळल्या. “मेल बघितली. फोटो बघितले. बस.”

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायला लागला. सिस्टरांनी भावजींच्या पाठीवर शाबासकी दिली आणि भावजी दिवसभर शीळ घालत होते.

दोन महिन्यांनी सिस्टर परत आल्या. लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, “हा कोणा गरजूला देऊन टाक. छान चालतो, तक्रार नाही. मलाच नकोय.”

आवाजात काहीतरी होतं. मी खुर्ची पुढे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत. भावजींनी लॅपटॉप उघडला. “तुमच्या मेल तरी काढून ठेवतो,” म्हणाले आणि थांबले. मी वाकून बघितलं. नातीकडून आलेली तीन पत्रं होती आणि तिन्हींत एकही अक्षर नव्हतं. नुसते रिकामे चौकोन, ओळीने मांडलेले. पहिलं पत्र पानभर, दुसरं अर्धं, तिसरं एका ओळीचं.

“ते असू दे,” सिस्टर घाईने म्हणाल्या. “रागावलीय ती माझ्यावर.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लेक परदेशात. नऊ वर्षांची नात तिथलीच भाषा बोलते, तिथल्याच लिपीत लिहिते. फोनवर आजीपुढे लाजून नुसती श्वास घेत राहते. म्हणून सिस्टर दोन वर्षं गुपचूप ती भाषा शिकत होत्या. दोघींची पत्रं चालायची आणि लेकीला सांगायचं नाही, असं नातीशी ठरलं होतं. म्हणून आलेलं पत्र सिस्टर वहीत उतरवून घ्यायच्या आणि लॅपटॉपवरून पुसून टाकायच्या.

“आधी दोन-चार वाक्यं लिहायचे, पुस्तकातली. मग हा तुझ्याकडे आणायच्या आधी एकदा पान भरून लिहिलं, माझ्या मनानं. त्यावर हे चौकोन आले. मला वाटलं, काहीतरी भलतंच लिहून बसले. माझ्या लिहिण्याची पोरीनं अशी थट्टा केली. मग मी लिहिलंच नाही पुन्हा. या वयात कसली हौस ती!”

“मला का नाही सांगितलंत?” भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तू काल काय वापरलं ते विचारलंस. काल नव्हतं आलं पत्र. आणि सत्तरी उलटल्यावर बाराखडी गिरवते, हे चारचौघांत सांगू?”

“नातीनं नाही केली थट्टा,” भावजी म्हणाले. “पत्रं धड आहेत. ती अक्षरं मी पुसली, सिस्टर. म्हणून चौकोन दिसतात.”

सिस्टर आता खुर्चीत बसल्या. मला भावजींचा इतका राग आला होता की कीव करायला सवडच नव्हती.

भावजी खालमानेने म्हणाले, “तेवढ्या एका भाषेची अक्षरं परत टाकतो. बाकी हलकंच ठेवू. वेगही राहील.”

“नको. पहिली होती तशी, भरलेली टाक.”

“पुन्हा रखडेल. चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतील.”

“लागू देत. उद्या मला काय लागणार आहे ते मला माहीत नाही. तुला माहितीय?”

भावजींनी बाकीची कामं बाजूला सारली आणि दुपारभर त्या एकाच लॅपटॉपवर बसले. सिस्टरही हलल्या नाहीत. मी वरून तीन कप आणले. त्यातला एक मी नंतर भावजींच्या खोलीतच ठेवून दिला, तो अजून तिथे आहे.

संध्याकाळी मेल उघडली. चौकोनांच्या जागी वळणावळणाची अक्षरं होती. शेवटचं पत्र सगळ्यात वर, तेच एका ओळीचं. सिस्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं, एकेक शब्द जुळवला आणि आमच्यासाठी मराठीत सांगितला.

“आजी, मी फार अवघड लिहिलं का? आता सोपं लिहीन.”

इस्पितळात ज्यांच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही म्हणतात, त्या सिस्टर माझा पदर धरून रडल्या. भावजी पाठ फिरवून स्क्रू डबीत भरत होते. डबी आधीच भरलेली होती.

मग सिस्टरांनी डोळे पुसले, लॅपटॉप जवळ ओढला आणि तिथेच उत्तर लिहायला घेतलं. एक कळ दाबायची, थांबायचं, पडदा बघायचा, मग दुसरी. दोन ओळींना पाव तास लागला.

“चुका असतील,” त्या म्हणाल्या, “पण जाऊ दे.”

“काय लिहिलंत?” भावजींनी भीत भीत विचारलं.

“लिहिलं, अवघडच लिही. मला वेळ आहे.”

त्यांनी बटण दाबलं. लॅपटॉप घरघरला आणि पत्र जायला बराच वेळ लागला. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत थांबलो.