हुबळीतला बिरड्याचा सण

तेव्हा मिरज-हुबळी गाडी मीटरगेजवर चाले. धारवाड सुटलं आणि माझ्या पोटात कावळे ओरडू लागले. शेजारच्या गृहस्थांनी भाकरीचं फडकं सोडत विचारलं, “ऊटा आतेन्री?” (जेवलात का?) मी हसून मान हलवली. कालच्या संध्याकाळपासून उपास होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याच्या शोकाचा हा दिवस. दिवसभर उपाशी राहायचं आणि संध्याकाळी वालाच्या बिरड्यावर उपास सोडायचा. सुतकाला ‘बिरड्याचा सण’ म्हणणारे आम्हीच!

खरं तर त्या मंदिराशी मला काही देणंघेणं नव्हतं. आई जाऊन सहा महिने झाले होते, तरी डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आपण माणूस की दगड, ही धास्ती घेऊन मी मावशीकडे निघालो होतो. वाटलं, तिच्याजवळ बसलं की रडू येईल.

रेल्वे वर्कशॉपच्या मागे मावशीचं घर. ती जमिनीवर बसून मोडाचे वाल सोलत होती. आज खुर्ची वर्ज्य, म्हणून मीही खालीच बसलो. मन कोरडं ठाक.

शेजारच्या गौरक्का रोट्टी (ज्वारीची भाकरी) घेऊन आल्या.

“आज खायचं नाही, अक्का,” मावशी म्हणाली. “आमचं देऊळ पाडलं.”

“अय्यय्यो! यावाग? कधी हो?”

“झाली की दोन हजार वर्षं.”

मला हसू आलं. गौरक्का मात्र हसल्या नाहीत. पदर सावरून, दुखवट्याच्या घरी बसावं तशा त्या बसल्या आणि वाल सोलू लागल्या. कोणाचं दुःख हे, आणि करतंय कोण? मी पार गोंधळून गेलो.

तारे दिसल्यावर मावशीने पानं वाढली. पहिला घास घेत मी म्हणालो, “आईचं आवडतं.”

“तिचं?” मावशीचा हात थांबला. “तिला वालाचा वाससुद्धा सोसायचा नाही रे. सणाचं म्हणून रांधायची, तुम्हा पोरांना वाढायची आणि आपण मिठाशी भात खायची. बघितलं नाहीस कधी?”

नव्हतं बघितलं. मी घास गिळला, दुसराही घेतला. भूक होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत, अळणावर मागे पडून रान लागलं आणि मला हुंदका फुटला. आवरेचना. शोकाचा दिवस तर कालच होऊन गेला होता. उपाशीपोटी जे रडू आलं नाही, ते बिरड्याने पोट भरल्यावर आलं. याचा अर्थ काय लावायचा, ते मला आजही कळलेलं नाही.