विंचूरजवळची लाल रेघ

पोलीस खात्याच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण डोळ्यांसमोरून जात नाही ती विंचूरजवळच्या रस्त्यावरची एक लाल रेघ.

तेव्हा मी नाशिकच्या वाहतूक नियंत्रण कक्षात होतो. मोबाइल कंपनीकडून येणाऱ्या माहितीवर आमचा नकाशा चाले. फोन कोणाचा ते कळत नसे. किती वेगाने सरकतोय एवढेच कळे. पुष्कळ फोन सावकाश सरकू लागले की रस्ता लाल होई आणि चालकांना त्यांच्या फोनवर दुसरी वाट दाखवली जाई.

एके दिवशी एका वाहतूकदाराचा फोन आला. "साहेब, विंचूरजवळ रोज संध्याकाळी खोटा जाम दाखवतात. आमच्या गाड्या उगाच लांबून फिरतात. कोणीतरी मुद्दाम करतंय."

साध्या कपड्यांत जाऊन पाहिले. वाहने तुरळक होती. रस्त्याच्या कडेने कांद्याच्या खळ्यांवरून सुटलेल्या बायका घरी चालल्या होत्या. कांदा निवडून त्यांची बोटे काळी पडली होती. प्रत्येकीजवळ फोन होता आणि त्यावर नेट चालू होते. आमच्या यंत्रणेला पायी माणूस आणि अडकलेला ट्रक यांतला फरक कळत नव्हता.

पण तक्रार 'मुद्दाम' अशी होती. त्या मजूर बायकांच्या टोळीच्या मुकादम मावशींना चौकीत बोलावले. महिला अंमलदार शेजारी बसवली आणि विचारपूस सुरू केली.

"मावशी, सगळ्यांनी नेट चालू ठेवूनच चालायचं, असं कोण सांगतं?"

"मीच. गुन्हा हाय का त्यो?"

"कशासाठी सांगता?"

"माझा पोरगा ट्रकवर हाय. एकदा म्हणला, आई, तू चालती तवा मला फोन दुसऱ्या वाटेनं धाडतो. म्हणलं, मंग बरंय की. बाकीचे बी जाऊ दे तिकडून. आमच्यात एक पोटुशी हाय, साहेब. ट्रक आला की तिला खड्ड्यात उतरावं लागतं."

"मग गाडीनं का जात नाही?"

मावशी अंमलदाराकडे पाहून हसल्या. "विचारत्यात बघ. गाडी व्हती की, पिकअप. मालाच्या गाडीत माणसं भरली म्हणून तुमीच धरली. तुमी मला वळखलं नाय, मी वळखलं."

कारवाई कायद्याने बरोबर होती. गाडी जप्त झाल्यावर बायका घरी कशा जातील, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी पडला नव्हता.

गुन्हा नव्हता. स्टेशन डायरीत तशी नोंद करून मावशींना सोडले. तरी चुकीची माहिती लोकांना जाता कामा नये, म्हणून तंत्रज्ञाला सांगितले, "पायी चालणाऱ्यांचे फोन वगळा." सगळे ऐकून घेतल्यानंतर मी हे सांगितले. मला स्वस्थ बसू न देणारी गोष्ट हीच.

दुसऱ्या दिवशी खळी सुटायच्या वेळी जीप घेऊन गेलो. रस्ता हिरवा होता आणि ट्रक पूर्वीसारखे भरधाव येत होते. दर ट्रकला बायका कडेच्या खड्ड्यात उतरत. मावशींनी त्या पोटुशीचा हात घट्ट धरला होता. खाली उतरताना तिचा पाय घसरला. मावशींनी तिला कमरेला धरून सावरले. मग मावशींना मी दिसलो.

"साहेब, आज रस्ता लय मोकळा सोडला तुमी."

रागाने बोलल्या असत्या तर सोपे गेले असते.

त्या पोटुशीला जीपमध्ये बसायला सांगितले. "सगळ्याजणींबरोबरच जाते," ती म्हणाली. मग चालकाला दिवा लावायला सांगून जीप त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने घ्यायला लावली. आमच्या मागे ट्रक साचू लागले. हॉर्न वाजत होते. पुढच्या बायका वळून पाहत होत्या. "वरात निघाली आपली," कोणीतरी म्हणाले आणि त्या हसू लागल्या.

तेवढ्यात तंत्रज्ञाचा फोन आला. "साहेब, तिथं परत लाल झालंय. काढून टाकू?"

"नको. आज जाम खरा आहे," मी म्हणालो. "आणि ते वगळलेले फोन परत घ्या."

नंतर आगारात खेटे घालून खळ्यांच्या वेळेची बस सुरू करून घेतली. तोवर रेघ लाल राहिली. वाहतूकदारांच्या तक्रारी आल्या, वरिष्ठांनी खुलासा मागितला. तो मी दिला.

नकाशावर सरकणारा प्रत्येक ठिपका कोणाच्या तरी हातात किंवा पदरात असतो, हे त्या चौकशीत मला कळले. अधिकाऱ्याला ते आधी कळायला हवे होते.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आजही त्या बाजूला गेलो की फोन रस्ता हिरवा दाखवतो. तरी मी गाडी हळू करतो, कडेने कोणी चालत असेल म्हणून. मागचे हॉर्न देतात, तर देऊ देत.