अंगठ्याचा खळगा

जुन्या बाजारात बाभळीचा रंधा मिळाला. पातं गंजलेलं, पण तळाला पट्टी लावून पाहिली तर केसाइतकीही फट नाही. पाठीवर कुणा सुताराच्या अंगठ्याने पडलेला खळगा होता आणि त्यात दसऱ्याच्या पूजेचं कुंकू मुरलेलं होतं.

"शोकेसमध्ये छान दिसेल," बायको म्हणाली.

"पूजा झालेलं हत्यार आहे. कामालाच लागेल. स्वयंपाकघराचं दार घासतं ना?"

"तुम्ही तासणार? मग सुताराला आत्ताच सांगून ठेवते!"

पात्याला धार लावून दार उतरवलं. पहिल्याच हाताला लाकूड उचकटलं. मी रेषांच्या उलट चाललो होतो. दार फिरवलं, तसं लांबलचक सालपट निघालं.

आता ते दार एका बोटाने लागतं. खळग्यात माझा अंगठा मात्र नीट बसत नाही. घरात अजून तीन दारं घासतात. बसेल.