भावकीतले की सोयऱ्यातले?

ज्याच्याशी आमच्या काकांचं नातं निघत नाही, असा माणूस हिंगोली जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. हे मी अभिमानानं नाही, गोंधळून सांगतोय. कारण ते माझे स्वतःचे नक्की कोण लागत होते, हेच मला आजवर नीट कळलेलं नाही. माझे वडील आणि ते चुलतभाऊ, म्हणून ते काका. त्यांची बायको आणि माझी आई चुलत बहिणी, म्हणून ते मावसे. इथवर ठीक होतं, आमच्याकडे असं चालतंच. पण माझं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ मोटारसायकल काढून नरसीला गेले, माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडून राखी बांधून घेतली आणि नवरीचे मामा होऊन परत आले. राखीपौर्णिमेला तेव्हा चार महिने अवकाश होता. "काहून हो काका?" मी विचारलं. म्हणाले, "लेका, मंडपात नवरीच्या मामाला जो मान हाय, तो नवरदेवाच्या काकाला हाय का?" लग्नात त्यांनी दोन्हीकडून फेटे बांधून घेतले, एकावर एक. व्हिडिओत ते मान अजिबात न हलवता नाचताना दिसतात.

नात्यांचा हा साठा ते प्रसंग पाहून बाहेर काढत. धोंड्याच्या महिन्यात ते जावई असत. माझ्या आजोळी वडील पोचायच्या आत हे पाटावर बसून तिसरा धोंडा तुपात बुडवत असायचे. भावकीत बांधावरून भांडण पेटलं की मात्र ते एकदम पाहुणे होत. "मी पडलो सोयरा, मी काय बोलू? चहा ठेवा," एवढं म्हणत आणि भांडणाऱ्यांना हसू आवरत नसे. डोंगरकड्याला त्यांची हळद शिजायला लागली की हळदीनं पिवळेजर्द होऊन घरी येत आणि दारातूनच ओरडत, "नवरदेव आला, ओवाळा कोणीतरी!" ओवाळल्याशिवाय खरोखरच आत पाऊल टाकत नसत.

एकदा सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा घरातली बारा लेकरं ट्रॉलीत घालून ते पाणी दाखवायला घेऊन गेले. आणताना तेरा आणली. तेरावी पोरगी अंगणात बसून निवांत शेंगा खात होती. मावशीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "ही कोणाची?" तर हे म्हणतात, "आपल्यातल्याच कोणाची तरी असंल, ओळखीची दिसून राहिली." ती धरणावर मासे तळणाऱ्याची निघाली. तिला घेऊन ते पुन्हा ट्रॅक्टरनं गेले, बापाची बोलणी खाल्ली, मग मासे खाल्ले आणि त्याला भाऊ करून आले. तो पुढे घरच्या प्रत्येक लग्नात होता.

मावशीचे भाऊ भाऊबीजेला यायचे, तेही तिच्यापर्यंत धड पोचत नसत. दारातूनच काका त्यांना शेतात पळवून न्यायचे आणि तिकडून हसण्याचे आवाज यायचे. मावशी ताट घेऊन वाट पाहत बसायची. आम्हाला त्याची फार मजा वाटायची.

गेल्या वर्षी एका सकाळी अंघोळीचं पाणी तापत असताना काका बसल्या जागी गेले. दुपारी माती झाली. आमच्याकडे मग त्या घरी चूल पेटत नाही. भावकीलाही सुतक, म्हणून तिचंही अन्न चालत नाही. सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं आणायचं आणि घरच्यांना पहिला घास भरवायचा, त्याला कडू घास म्हणतात. आम्ही अंगणात बसून राहिलो. दिवेलागण झाली तरी भाकरी येईना. तेव्हा कुठं लक्षात आलं की अंगणात सोयरा असा कोणी नाहीच. जो तो भावकीत. मासेवाला भाऊ म्हणून बसलेला. मावशीचे सख्खे भाऊसुद्धा "आमचे ते दाजी नव्हते, भाऊच होते," म्हणून मिशा उतरवून बसले होते. आणि आत मावशी आदल्या रात्रीपासून उपाशी होती.

भावकीतले सगळ्यांत वडीलधारे आबा माझ्याकडे वळले. "तू कोन हाईस रे?"

"पुतण्या."

"ती तुही मावशी न्हाई का?"

"व्हय."

"मंग आन की भाकर. पर ध्यानात ठेव, भाकर आणली की तू सोयरा. दहाव्याला मुंडण न्हाई, त्याच्या पोरांसंगं पाणी द्यायचं न्हाई."

मी चक्रावलो. मला पाणी द्यायचं होतं. काकांचा सगळ्यांत लाडका पुतण्या मीच, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती अशी चारचौघांत सोडून देणं फार जड गेलं. जिवंतपणी त्या माणसानं मला कधी निवडायला लावलं नव्हतं. पण आतून मावशीचा खोकला ऐकू आला आणि मी उठलो.

गावातल्या ओळखीच्या घरून दोन भाकरी आणि पिठलं घेऊन आलो. मावशी भिंतीला टेकून बसली होती. मी घास पुढे केला. तिनं तोंड उघडलं नाही.

"तू कोन म्हून आलास?"

"तुझा भाचा."

ती भिंतीपासून पुढे सरकली. मग म्हणाली, "बरं केलंस बाबा. सकाळपासून समदे त्यांचेच येऊन राहिले. माह्याकडचं एक बी माणूस न्हाई आलं."

तिनं घास घेतला, बराच वेळ चावला आणि मग रडली. दुसरा घास तिनं स्वतःच मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला. सोयऱ्यानं त्या घरी त्या दिवशी जेवावं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर आबांना विचारता आलं असतं. मी तोंड उघडलं.