हाडवालीने नाव बुडवलं

तिला घरीदारी सगळे हाडवाली म्हणत. आता हाडं तपासण्यात जन्म घालवल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? ती शास्त्रज्ञ, पण लाखो वर्षांपूर्वी दगड होऊन बसलेल्या हाडांची. पाठीला कणा असलेला कुठला प्राणी कुठल्या कुळातला, कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, हे लावत बसायचं. जिवंत माणसांची नाती मात्र तिच्या डोक्यात कधी शिरली नाहीत. मावशीच्या सुनेला ती कित्येक वर्षं मावशीची धाकटी मुलगीच समजत होती, बोला!

निवृत्ती जवळ आली, संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आवराआवर सुरू झाली, तसे तिला जुने दिवस फार आठवायला लागले. प्लास्टरचा वास, वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं, हाडांवरचा दगड कोरायला दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या सुया. तेव्हा तिथे दोन पक्ष होते: जोडणारे आणि तोडणारे. मोठे सर जोडणारे. दोन हाडं जरा सारखी दिसली की म्हणायचे, "एकच जात. विषय संपला!" हाडवाली पक्की तोडणारी. केसभर फरक दिसला की हिची नवी जात तयार. "हिचं लग्न जुळायचं कसं? हिला सगळ्यांतले फरकच दिसतात," असं मावशी म्हणायची. नाहीच जुळलं. तिचंही त्यावाचून काही अडलं नाही.

तरुणपणी तिला एक इवलीशी कवटी सापडली. सरांशी कडाकडा भांडून तिने ती नवी जात ठरवली आणि तिला बाबांचं नाव दिलं. बाबा बसचे ड्रायव्हर. लहानपणी शाळेला सुट्टी असली की तिला शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायचे. बस परत निघेपर्यंत ती तिथल्या खाणीत दगड फोडत बसायची आणि बाबा हॉर्न वाजवून तिला बोलवायचे. काय दिवस होते ते! तिला नोकरी लागलेली बघायला मात्र बाबा राहिले नाहीत. आईने त्या प्राण्याचं चित्र फ्रेम करून बाबांच्या फोटोशेजारी लावलं. येईल त्याला, अगदी मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा, ती ते दाखवायची. "ह्यांचं नाव आहे त्याला. जगात कुठेही विचारा."

आणि आता ऐन निघायच्या वेळी एक नवी कवटी आली, जराशी मोठी. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या आणि हाडवालीने भिंग काढलं. तिच्या कवटीची हाडं अजून एकमेकांत जुळलीच नव्हती, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी. ती वेगळी जात नव्हतीच. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या जातीचं पिल्लू होतं! तोडणाऱ्यांच्या हातून होणारी नेहमीची चूक. अशा वेळी जुनं नाव राहतं आणि नवं रद्द होतं. त्या लोकांच्या बोलण्यात, नाव बुडतं. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. सर तर कधीच गेले होते. पण तिला घास गोड लागेना. शेवटी तिने लेख लिहून छापायला दिला आणि घरी येऊन आईसमोर बसली.

"आई, मी बाबांचं नाव बुडवलं."

"काय?" आई ताडकन ताठ बसली. "या वयात? कोण आहे तो?"

हसावं की रडावं, तिला कळेना. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई चित्राकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे आता त्यांचं नाव गेलंच म्हण."

"गेलं गं आई."

"आणि हा लेख कुणाच्या नावाने छापून येणार?"

"माझ्याच."

"असं अर्धवट काय सांगतेस? पूर्ण नाव सांग."

हाडवालीने स्वतःचं नाव घेतलं. मग बाबांचं घेतलं, आणि आडनावापर्यंत तिला पोचताच आलं नाही.